ओठ हलले म्हणून

मी इस्त्रीचं टेबल बोलतोय. दचकू नका. आजवर तुम्ही माझ्यासमोर उभं राहून कपडे मोजून घेतलेत, घडी नीट नाही म्हणून कुरकुर केलीत, पण माझ्याकडे कधी बघितलं नाहीत. त्यात तुमचा दोष नाही. माझ्या अंगावर कायम एक घोंगडी, तिच्यावर दोन जुन्या चादरी आणि सगळ्यात वर चटक्यांचे डाग पडलेलं पांढरं कापड. आत लाकूड कसं आहे, हे माझ्या मालकांनाही धड आठवत नसेल.

लाकूड तसं मामुलीच. कुठल्यातरी मशीनचं खोकं होतं, त्याच्या फळ्या एका सुताराने मारून मुटकून जोडल्या आणि खाली चार पाय ठोकले. एका फळीवर ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं, आणि त्या बहाद्दराने नेमकी तीच बाजू खाली घातली. मालकांच्या ते लक्षात आलं, पण ते म्हणाले, “असू दे, कपड्यांना कुठे वाचता येतं.” म्हणजे मी जन्मापासूनच उलटा. तेव्हापासून तीस वर्षं मी या एका खोलीच्या घरात खिडकीखाली उभा आहे. समोर दार, दाराबाहेर पायरी, डाव्या हाताला ओटा आणि चूल. याच्यापलीकडचं जग मी फक्त कपड्यांच्या वासावरून ओळखतो.

माझे मालक इस्त्रीवाले. गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणतात. मालकीणबाई मोठ्या दवाखान्यात आया आहेत. आणि यांची एकुलती एक पोरगी. तिला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. मालक तिला ‘मास्तरीण’ म्हणतात, कारण चार वर्षांची असताना ती इस्त्री झालेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना ओळीने बसवून शिकवायची आणि उत्तर दिलं नाही की चापट मारायची.

या घराची एक खोड आहे. इथे मनातल्या मनात काही होत नाही. मालक कपडे मोजतात ते मोठ्याने. “शर्ट तीन, पँटी दोन, पाच. साडी एक, सहा. अभ्रे चार, दहा.” इस्त्री चालू, पुटपुट चालू. पत्ता वाचायचा तरी मोठ्याने, विचार करायचा तरी मोठ्याने. मास्तरीण माझ्याखाली बसून हेच ऐकत मोठी झाली आणि आकडे तिला कानातून आणि तोंडातून आले. गणित सोडवताना तिचे ओठ सारखे चालायचे. “समजा क्ष शून्य नाही, मग भागता येईल, मग हा इकडे आला, मग हा गेला, थांब, गेला का?” स्वतःच विचारणार, स्वतःच भांडणार, आणि शेवटी “हां” म्हणून रेघ ओढणार. तिचं तोंड बंद केलं तर पेन पण बंद पडायचं. शाळेत बाई हसायच्या. विद्यापीठात गणित घेऊन गेली तर तिथले सर म्हणायचे, “आपल्या वर्गात रेडिओ आहे, बॅटरी लागत नाही.” पोरगी हे सगळं घरी येऊन रंगवून सांगायची. पहिल्या बाकावर बसायची, पहिला हात तिचा वर, आणि पहिल्या वर्षी नंबरसुद्धा तिचा पहिला. मालकांनी तो निकालाचा कागद माझ्यावर ठेवून, वर पातळ रुमाल घालून, कोमट इस्त्रीने सपाट केला होता. भलतेच खूश होते.

मालकांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कपडा बिघडला की ते चूक पटकन स्वतःवर घेतात. एकदा मालकीणबाईंच्या हातून एका वकिलाच्या काळ्या कोटाला चटका बसला. मालकीणबाई रडकुंडीला आल्या. वकील आला तसे मालक पुढे होऊन म्हणाले, “साहेब, माझा हात चुकला.” वकील दोन शब्द बोलला आणि गेला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कपडे घेऊन आला. एकदा तर एका बाईने घरूनच फाटका ब्लाउज आणून भांडण काढलं, तेव्हाही हे म्हणाले, “माझी चूक.” मी चिडलो होतो. पण मालक म्हणायचे, “चूक कुणाची यावर वाद घालत बसलं की माणूस पेटतो. कुणीतरी ‘माझी’ म्हटलं की तिथल्या तिथे मिटतं.” तीस वर्षं ते तसंच मिटत आलं होतं, त्यामुळे त्यांचा त्यावर पक्का विश्वास बसला होता.

मग साथ आली. रस्ते ओस पडले, कचेऱ्या बंद झाल्या. घरात बसलेल्या माणसांना इस्त्रीची काय गरज? माझ्यावर येणारे शर्ट आठवडाभरात आटले. उरले फक्त दवाखान्यातल्या नर्सेसचे पांढरे ड्रेस. तेही उकळून, औषधाचा वास घेऊन यायचे. मालकीणबाई तर पंधरा-पंधरा दिवस दवाखान्यातच राहायच्या आणि घरी आल्या तरी दारातूनच बोलायच्या.

विद्यापीठ बंद झालं आणि वर्ग माझ्यावर आले. मास्तरणीच्या मामाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. त्याची मान मोडकी, मागे पाण्याचा डबा टेकवला तरच उभा राहायचा. माझ्या घोंगडीवर पाय पसरून बसायचा आणि वर तापायचा. मी इस्त्री सोसलेला गडी, मला काय त्याचं. ठरलं असं, की मालकांनी सकाळी दहापर्यंत नर्सेसचे ड्रेस उरकायचे, मग मास्तरणीने बसायचं. उंच स्टुलावर बसून ती तळवे माझ्या गरम कापडावर ठेवायची आणि म्हणायची, “बाबा, माझा बाक तुमच्यामुळे गरम असतो.” सुरुवातीचे दिवस असे हसतखेळत गेले.

पण वर्गात काहीतरी बिनसत होतं. सर बोलायचे, पडद्यावर काळे चौकोन, प्रत्येकात नावाचं पहिलं अक्षर. सर विचारायचे, “कळलं का?” कुणी काही बोलायचं नाही. मास्तरणीने सुरुवातीला हात वर केला, म्हणजे हाताचं चित्र दाबलं. सरांना दिसलंच नाही. मग बोलली तर दुसऱ्याच कुणाचा आवाज मध्ये आला, दोघंही थांबले, “तू बोल”, “नाही, तू बोल”, आणि तेवढ्यात सर पुढे गेले. असं चार-पाच वेळा झालं. मग तिने विचारणं सोडलं.

वर्गात माणसाला कळलं नाही की तो इकडेतिकडे बघतो. आणखी वीस जणांचे चेहरे पडलेले दिसतात, जीव भांड्यात पडतो. इथे कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. त्यामुळे तिला वाटायला लागलं, की सगळ्यांना कळतंय, आपल्यालाच कळत नाही. वही मिटताना ती मालकांना म्हणायची, “आज थोडं डोक्यावरून गेलं.” मालक म्हणायचे, “अगं, तू रेडिओ आहेस, उद्या स्टेशन लागेल.” ती हसायची. मी तिचे हात बघत होतो. ते घामेजलेले असायचे.

खरा घाव घातला तो पहिल्या चाचणीने. परीक्षेवर नजर ठेवायला विद्यापीठाने एक प्रोग्राम आणला होता. समोर कॅमेरा, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. पेपर सुरू झाला, मास्तरणीने पहिला प्रश्न वाचला आणि सवयीने सुरू झाली, “समजा हा गट घेतला...” तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. ‘ओठांची हालचाल आढळली. कृपया शांत राहा.’ ती दचकली. दोन मिनिटांत पुन्हा पट्टी. तिसऱ्यांदा आली तर पेपर बंद होणार, असं खाली लिहिलं होतं. उरलेला तासभर ती ओठ घट्ट मिटून बसली आणि कागदावर नुसत्या रेघोट्या मारल्या. पन्नासात एकोणीस पडले.

मालक म्हणाले, “मग तोंडाला मास्क लाव. सगळं जग लावतंय.”

“बाबा, चेहरा दिसायला पाहिजे त्यांना.”

“बाहेर तोंड झाका म्हणतात, घरात उघडं ठेवा म्हणतात. आणि उघडं ठेवून हलवायचं नाही. हे कसलं रे देवा.” मालकांनी विनोद केला होता, पण मास्तरीण हसली नाही.

मग तिने सराव सुरू केला. गणिताचा नाही, गप्प बसण्याचा. मालकांच्या डब्यात शर्टांची तुटलेली बटणं असायची. त्यातलं एक ती ओठांत धरायची आणि गणित सोडवायला घ्यायची. बटण पडलं की पुन्हा पहिल्यापासून. असे महिने गेले. बटण पडायचं थांबलं. गणितही थांबलं. कागदावर प्रश्न उतरवून ती अर्धा-अर्धा तास नुसती बघत राहायची. एकदा बटण काढून माझ्यावर ठेवलं आणि मैत्रिणीला फोनवर म्हणाली, “मला गणित येतच नव्हतं ग. मला फक्त बडबड करता येत होती.” मला तेव्हा इतकं वाईट वाटलं, की काय सांगू. मैत्रीण पलीकडून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. त्यानंतर मास्तरीण तिचेही फोन घेईनाशी झाली.

जेवण कमी झालं. केस दोन-दोन दिवस विंचरायची नाही. मालकांनी जेवायला हाक मारली की “आले” म्हणायची आणि यायची नाही. मालकीणबाईंनी एकदा दारातूनच विचारलं, “बरं नाही का ग तुला?” तर म्हणाली, “ताप नाही आई.” त्या दिवसांत ताप नाही म्हटलं की माणूस बरा आहे असं सगळे धरून चालायचे. मालकीणबाईंनीही तसंच धरलं.

वर्षाची मोठी परीक्षा आली. मालकांनी अगदी तयारी केली. त्या दिवशी पहाटेच ड्रेस उरकले, स्वतः पायरीवर जाऊन बसले. तीन तास पायरीवरच. कुणी गिऱ्हाईक आलं की ओठांवर बोट. भाजीवाल्यालाही म्हणे हातानेच पुढे जा सांगितलं.

आत मास्तरीण बसली. बटण ओठांत धरायची परवानगी नव्हती, म्हणून दात घट्ट धरले होते. पहिले तीन प्रश्न कसेबसे, अर्धेमुर्धे झाले. मग चौथा आला. तो वाचताना तिची पाठ सरळ झाली. तिला तो येत होता. मी सांगतो तुम्हाला, वर्षभरात पहिल्यांदा तिचे हात कोरडे होते. पेन धावायला लागलं, आणि पेनाबरोबर ओठ. “समजा नाही. मग विरोध येतो. मग हा गेला. हां, मग हा राहिला, आणि हा जर राहिला तर...” कुजबुज नव्हे, चांगला आवाज. जुना आवाज. तिचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. लाल पट्टी आली, गेली. दुसरी आली, गेली. ती “हां” म्हणाली, रेघ ओढली, वर बघितलं, तर पेपर बंद झाला होता. पन्नास मिनिटंच झाली होती. तीन तास पुरे होईपर्यंत तिने बाहेर बापाला काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी ठरली. मंगळवार, सकाळी अकरा. पडद्यावरच. खोलीत दुसऱ्या कुणाशी तरी बोलून उत्तरं विचारली, असा संशय होता. संशय फिटला तर पेपर पुन्हा देता येणार होता. नाही फिटला तर वर्ष जाणार होतं. सगळं त्या पाच-दहा मिनिटांवर होतं.

मास्तरणीने उत्तर कागदावर लिहून काढलं. ‘मला लहानपणापासून गणित मोठ्याने सोडवायची सवय आहे. आमच्या घरात सगळेच मोठ्याने मोजतात. मी कोणाशीही बोलत नव्हते. मी तुम्हाला आत्ता एक गणित सोडवून दाखवते.’ चार वाक्यं. माझ्यासमोर उभी राहून ती तिने किती वेळा म्हटली असतील, मोजदाद नाही. मला पाठ झाली. शेवटचं वाक्य तिने स्वतः शोधलं होतं आणि ते म्हणताना तिचा आवाज थोडा चढायचा. मला वाटलं, जमेल.

मंगळवारी पडद्यावर तिघं आले. मधे एक मॅडम, बाजूला दोन सर. मॅडम तशा शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, “पेपर चालू असताना तुम्ही कोणाशी बोलत होता?”

मास्तरणीने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने कागदाकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं, पुन्हा तोंड उघडलं.

“हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये,” मॅडम म्हणाल्या.

माइक चालू होता. मी बघत होतो. आवाजच येत नव्हता. तिची बोटं माझ्या कापडात रुतली होती आणि ओठ हळूहळू जुळत होते, ‘म’ म्हणायला जुळतात तसे. ‘मला’ म्हणायचं होतं तिला. येत होतं, अगदी तोंडाशी आलं होतं.

मालक दारात उभे होते. पोरीची पाठ त्यांना दिसत होती. तीन मोठी माणसं समोर आणि आपली पोरगी मान खाली घालून उभी. त्यांना एवढंच कळलं, की कुणाचा तरी कपडा बिघडलाय आणि गिऱ्हाईक चिडलंय. त्यांच्या हातातला ड्रेसचा गठ्ठा खाली पडला. ते दोन ढांगांत माझ्याजवळ आले, पडद्यासमोर वाकले आणि हात जोडून म्हणाले, “मॅडम, ती माझ्याशी बोलत होती. मीच तिला मध्ये मध्ये विचारत होतो. माझी चूक आहे. पोरीची काही चूक नाही.”

दोघांपैकी एका सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅडमनी विचारलं, “म्हणजे पेपरच्या वेळी तुम्ही खोलीत होता?”

“हो मॅडम. मीच होतो.”

पायरीवर तीन तास तोंडावर बोट ठेवून बसलेला माणूस असं म्हणाला. मास्तरणीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे, आम्ही कळवू,” आणि पडदा काळा झाला.

मालकांनी घाम पुसला. चेहऱ्यावर काय समाधान होतं. “मिटलं ना? सुटलीस ना ग?”

मास्तरणीने चार वाक्यांच्या कागदाची घडी घातली आणि म्हणाली, “हो बाबा. सुटले.”

दहा दिवसांनी टपालाने पाकीट आलं. मालक ड्रेस पोचवायला गेले होते. तिने माझ्याजवळ उभं राहून ते वाचलं, घडी घातली, माझी चादर उचलली, घोंगडी उचलली, आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात लाकडाला लागून ते सरकवून दिलं. मालकांना सांगितलं, की निकाल नंतर लागणार आहे.

तेव्हापासून मी ते पाकीट पोटाशी धरून होतो. मालक रोज त्यावर इस्त्री फिरवायचे. आणि ड्रेस न्यायला आलेल्या नर्सला कौतुकाने सांगायचे, “अहो, माझ्या एका वाक्यात सुटली पोरगी. मोठी माणसं होती, पण चांगली. माणसाने आपली चूक कबूल केली की कुणीही ऐकतं.” तेव्हा मास्तरीण ओट्याशी भांडी घासत असायची. मागे वळून बघायची नाही.

रोज दहा वाजता ती लॅपटॉप उघडून बसायची. बंद लॅपटॉप. मालक समजायचे वर्ग चालू आहे. दोन वाजता ती तो मिटवायची. एकदा मैत्रिणीचा आवाजातला निरोप आला, तेवढा तिने ऐकला. “अगं, तू कुठे आहेस? मला वर्षभर काही म्हणजे काही कळलं नाही. रोज रडायचे. वाटायचं, तुला सगळं कळत असेल, तुला विचारायची लाज वाटायची.” मास्तरणीने तो दोनदा ऐकला आणि पुसून टाकला.

साथ ओसरली. रस्ते भरले, शर्ट परत आले. विद्यापीठ उघडलं तेव्हा मालकांनी तिचा ड्रेस स्वतः इस्त्री केला, बाहीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. ती पिशवी घेऊन सकाळी निघायची आणि चारला परत यायची. कुठे जायची, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डबा मात्र बऱ्याचदा तसाच परत यायचा.

तीन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी मालकांनी घोंगडी उन्हात टाकायला काढली. मास्तरीण घरात असती तर तिने “मी काढते” म्हटलं असतं. आजवर तसंच म्हणत आली होती. पण ती नव्हती. पाकीट खाली पडलं. कागद तापून तापून पिवळा झाला होता, कडा चुरत होत्या. मालक पायरीवर बसून वाचायला लागले. मोठ्याने, एकेका शब्दावर बोट ठेवून. आमच्या घराची खोड सांगितली ना मघाशी. म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

“विद्यार्थिनीच्या... वडिलांनी... समितीसमोर... दिलेल्या... कबुलीवरून... गैरप्रकार... सिद्ध होत असल्याने...” पेपर रद्द, आणि पुढच्या दोन सहामाही परीक्षांना बसायला बंदी. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना आवाज फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी ते चांगला शर्ट घालून विद्यापीठात गेले. परत आले आणि मालकीणबाईंना सांगितलं, “तिथला कारकून म्हणाला, पत्र मिळाल्यावर तीस दिवसांत अर्ज करायचा होता. मी म्हटलं, मी खोटं बोललो होतो साहेब, मी बाहेर पायरीवर होतो. तर म्हणाला, काका, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय, हे आम्ही कसं ठरवायचं?” मालकीणबाई खाली बसल्या. साथीत त्यांनी दवाखान्यात काय काय बघितलं असेल, तरी त्यांना असं मटकन बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चार वाजता मास्तरीण आली. मालकांनी इस्त्रीचा प्लग काढला आणि तो पिवळा कागद माझ्यावर ठेवला. ती कागदाकडे बघून म्हणाली, “काही नाही हो बाबा. जुनं झालं ते.”

“माझ्यामुळे झालं.”

“नाही. माझेच ओठ हलले.”

“माझ्यामुळे झालं ना? खरं सांग.”

ती पिशवी खुंटीला अडकवायला वळली. अडकवली नाही. पिशवी हातातच राहिली आणि ती बोलायला लागली. आधी हळू. “हो. तुमच्यामुळे झालं.” मग आवाज चढत गेला. “मी बोलणार होते. मला आलं होतं बाबा, तोंडात आलं होतं. मला अजून दोन मिनिटं हवी होती. तुम्ही माझी दोन मिनिटं का घेतलीत? मी तुम्हाला बोलावलं होतं का? लोकांना सांगत सुटलात, माझ्या एका वाक्यात सुटली म्हणून. मी इथे भांडी घासत ऐकत होते. रोज तुम्ही त्या कागदावर इस्त्री फिरवत होतात आणि मी बघत होते, रोज वाटायचं आज सांगते, आणि तुम्ही इतके खूश असायचात की माझी जीभच उचलायची नाही. मी दिवसभर बस स्टॉपवर बसते, माहीत आहे? माझ्यासमोरून माझ्या वर्गातली मुलं जातात. मी तोंड फिरवते.”

गल्लीतली माणसं खिडकीशी थांबली. मालकीणबाईंनी उठून दार लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. वर्षभर जो आवाज मला ऐकायचा होता तो आता घर डोक्यावर घेत होता, आणि ऐकवत नव्हता.

मालकांचे ओठ दोनदा हलले. ‘माझी चूक’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडाशी आले असणार, तीस वर्षांची सवय. त्यांनी ते गिळले. एक शब्द बोलले नाहीत, हात जोडले नाहीत, डोळेही खाली केले नाहीत. तिचं बोलून संपेपर्यंत नुसते उभे राहिले. तेवढ्या वेळात पाच-सहा ड्रेस इस्त्री करून झाले असते, इतका वेळ ती बोलत होती. मग ती खाली बसून रडली आणि मालकीणबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही, कारण झालेलं नाही. बाप-लेकीत कामापुरतं बोलणं होतं. बस स्टॉपवर जाणं तिने सोडलं आहे, घरातच असते. परवा दुपारी ती माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसली, जुनी प्रश्नपत्रिका काढली, चौथा प्रश्न वाचला आणि कागद पालथा घातला. बंदी संपली आहे. पुढच्या परीक्षेचा फॉर्म आला आहे, तो तिने भरलेला नाही. शेवटची तारीख तीस. आज सत्तावीस.

मी लाकूड. माझी काय अक्कल. पण तुम्ही इथवर ऐकलंत म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत असं कुणी तोंड उघडून अडकलेलं दिसलं, तर त्याच्या वतीने बोलू नका. प्रेमानेसुद्धा नको. थोडं थांबा. माझ्या मालकांसारखा भला माणूस मी पाहिला नाही, आणि पोरीच्या आयुष्यातलं वर्ष त्यांनी भलेपणानेच घालवलं.

आत्ता मालक माझ्यावर ड्रेस इस्त्री करतायत. फॉर्मचा कागद माझ्या कडेला, त्यांच्या कोपराजवळ पडून आहे. मास्तरीण खिडकीशी पाठमोरी उभी आहे. ‘भर ना ग’ हे शब्द सकाळपासून त्यांच्या जिभेवर आहेत, हातावरून कळतं मला, एकाच घडीवर तीनदा इस्त्री फिरते आहे. तरी ते काही बोलत नाहीत. मीही गप्प बसतो. अजून तीन दिवस आहेत.